गालिचा धुवायला देताना पावती मागा

घरात पाहुणे यायचे ठरले की गृहिणीची पहिली नजर जाते ती खाली अंथरलेल्या गालिच्याकडे. मुलाच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला आमचा गालिचा आम्ही असाच एका पावसाळ्यात, दारावर आलेल्या माणसाकडे धुवायला दिला. भाव स्वस्त वाटला. पावती मागायला मात्र संकोच वाटला. आठ दिवसांनी गालिचा परत आला तो ओलसर. लाल रंग पांढऱ्या नक्षीत उतरलेला आणि कुबट वास सुटलेला! तो माणूस पुन्हा फिरकला नाही. कष्टाचा पैसा कुणाचा असा वाया जाऊ नये, म्हणून अनुभवाचे हे चार शब्द.

प्रथम आपली वस्तू ओळखावी. सुती सतरंजी घरीही धुता येते. लोकरी गालिचा मात्र गरम पाण्याने आटतो. खाली तागाचे अस्तर असेल तर जास्त भिजल्यावर तपकिरी डाग वर येतात. म्हणून कोणते पाणी, कोणता साबण आणि वाळवणार कुठे, हे आधी विचारावे. जाणता कारागीर पाणी लावण्यापूर्वी धूळ झाडून काढतो. मग एका कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहतो.

वाळवणे तर धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. एक-दोन दिवसांत गालिचा आतपर्यंत सुकला नाही तर त्याला बुरशी धरते. घरात दम्याचे माणूस असेल तर त्याचा त्रास वाढतो. तेव्हा शक्यतो पावसाळा टाळावा.

दुकान आपल्या वस्तीजवळचे, शेजारीपाजारी विचारून निवडावे. भाव बहुधा चौरस फुटावर असतो, म्हणून माप घरीच घ्यावे. ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद म्हणजे २४ चौरस फूट. माप, दर, आधीचे डाग आणि परत देण्याची तारीख पावतीवर लिहून घ्यावी. काम बिघडले आणि दुकानदार दाद देत नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपल्यासारख्यांच्या अशा लहान रकमेच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. भिजून जड झालेला गालिचा उचलणारे हातही आपल्यासारख्याच श्रमिकाचे असतात. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. रास्त दाम द्यावा आणि चोख काम मागून घ्यावे. पावती मागणे म्हणजे कुणावर अविश्वास दाखवणे नव्हे, तो आपला हक्क आहे. आम्ही संकोच केला आणि गालिचा गमावला. तुम्ही संकोच करू नका.