मोडक्या ‘कंट्रोल’ची ओळख

आलापल्लीसारख्या जंगलभागात सभेचा ॲम्प्लिफायर बिघडला, तर बोराएवढ्या एका भागासाठी चंद्रपूर गाठावे लागते. चुकीचा भाग आला की गाडीभाडे गेले आणि दिवसाची मजुरीही बुडाली. म्हणून दुकानी जाण्यापूर्वी मोडक्या भागालाच त्याचे नावगाव विचारावे.

आपण फिरवतो ती नुसती टोपी. काम करतो तो खालचा भाग. कारागीर त्याला ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ किंवा ‘पॉट’ म्हणतात. त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते. बाहेरचे दोन पाय म्हणजे पट्टीची टोके. मधला पाय तिच्यावर सरकणाऱ्या स्पर्शकाचा.

पहिला प्रश्न : दांडा अडतो का? पॉट सुमारे ३०० अंश फिरून थांबतो. न थांबता गोल फिरणारा, बोटाला टकटक जाणवणारा भाग बहुधा ‘एन्कोडर’ असतो. तो रोध बदलत नाही, ठोके देतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दुसरा : रोध किती? ‘१० के’ किंवा ‘१०३’ म्हणजे १०,००० ओहम. अक्षरे पुसली असतील, तर वीज तोडून, भाग सोडवून बाहेरच्या दोन पायांना मीटर लावावे. पट्टीच तडकली असेल, तर स्पर्शक भेगेच्या अलीकडे आणून एक तुकडा मोजावा, पलीकडे नेऊन दुसरा. बेरीज हाच साधारण मूळ रोध.

तिसरा : चाल कोणती? आज बहुधा ‘बी’ म्हणजे सरळ चाल, ‘ए’ म्हणजे आवाजाची. पण जुन्या युरोपीय भागांवर अक्षरांचा अर्थ निराळा असे. म्हणून, पट्टी शाबूत असल्यास, दांडा मध्यावर ठेवून मोजावे. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर सरळ. एकीकडे दहा-वीस टक्केच भरले तर आवाजाची.

चौथा : दांडा दातेरी की सपाट कापलेला, जाडी-लांबी किती, पाय तीन की सहा?

हाच पॉट कित्येक कारखान्यांत मोटारीचा वेगही ठरवतो. तेथे टोकांचे पाय उलट जोडले, तर शून्यावर आणलेली मोटार पूर्ण वेगाने धावते. म्हणून पट्टा उतरवून आधी मोटार मोकळी फिरवून पाहावी. ॲम्प्लिफायरमध्ये चुकलो तर कान किटतील. तेथे गाठ कामगाराच्या बोटांशी आहे. मीटर धरायला पदवी लागत नाही. प्रत्येक हेल्परला तो धरता आला पाहिजे.