बांध आणि रेषा

मंडळी, बारामती-इंदापूर भागात भूमिती शिकायला फळाच हवा असं नाही, बांधावर उभं राहिलं तरी भागतं. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस आला आणि इथल्या हातभर मातीलाही मोल आलं. तेव्हा रेषेचे साधे गुणधर्म आज आपण बांधावरच पाहू.

रेषेला रुंदी नसते. बांधाला असते, आणि नांगर दरवर्षी थोडा आत घातला की ती घटत जाते. यालाच आपण बांध कोरणं म्हणतो. मग हद्द कुठली धरायची? सरळ हद्द असेल तर दोन टोकांच्या दगडांना जोडणारा रेषाखंड, तीच हद्द. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. त्यामुळे बांध पार वाहून गेला तरी दोन्ही दगड जागेवर असले की दोरी ताणायची, हद्द परत मिळते. पण एक दगड गेला की पंचाईत. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात. दोघे शेजारी आपापली रेषा खरी म्हणणार, आणि उरलेला एकटा दगड कुणालाच खोटं ठरवू शकत नाही.

यात जातं किती? जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे एकर. समजा बांध ३३० फूट लांब आहे. तो पहिल्या रेषेला समांतर राहून ३.३ फूट सरकला, तर बरोबर एक गुंठा गेला. एकच दगड तेवढा सरकवला तर मधे त्रिकोण तयार होतो आणि अर्धा गुंठा जातो. डोळ्याला मात्र बांध सरळच दिसतो!

हरवलेला दगड सापडतो तो जुन्या मोजणीच्या नोंदींवरून. इंदापूरचं नाव इथे मोठं आहे. प्रिंगलच्या मोजणीत दोष निघाल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथे नव्याने काम केलं, आणि १८३६ साली तीस वर्षांची जमाबंदी इंदापुरात लागू झाली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली.

शंकू-साखळीच्या मोजणीत शेतातून एक सरळ रेषा आखतात. तिच्यावर साखळीने अंतर मोजायचं, तिथे शंकूने काटकोन साधायचा आणि दगडापर्यंत लंब मोजायचा. रेषेवरच्या एका बिंदूतून तिला जमिनीवर एकच लंब निघतो. म्हणून रेषेवरचं अंतर, लंबाची लांबी आणि डावी-उजवी बाजू एवढं कागदावर असलं, की दगडाची जागा एकच ठरते. अर्थात, ती मूळ रेषा आधी जमिनीवर पुन्हा आखावी लागते, आणि त्यासाठी कुठले तरी दोन जुने दगड शाबूत हवेत.