युद्ध थांबल्यावरचें ओझें

भंडारा जिल्ह्यांतील शहापूर हें गांव नागपूर-भंडारा हमरस्त्यावर आहे. त्याच्या शेजारींच, जवाहरनगर येथें, चीनशीं १९६२ सालीं झालेल्या युद्धानंतर लवकरच उभारलेला स्फोटक द्रव्यांचा सरकारी कारखाना आहे. लढाईची दारू कोठें तयार होते, ती तयार करणाऱ्या हातांना किती जपावें लागतें, हें त्या पंचक्रोशींतील घरांना निराळें सांगावयास नको. परंतु दारू उडून गेल्यावर आणि तोफा थंडावल्यावर मागें जो पसारा उरतो, तो कोणीं आवरावयाचा, याचा विचार युद्धाच्या बातम्या आवडीनें वाचणारे आपण सर्वजण फारच थोडा करतों. आज आमच्या वाचकांपुढें आम्ही तोच विषय मांडणार आहों. आणि त्यासाठीं एका मराठी सेनापतीनें परमुलखांत पार पाडलेल्या कामगिरीचें उदाहरण घेणार आहों.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हा प्रश्न नवा वाटूं नये. दोन भावांत वांकडें येऊन घर फुटण्याची वेळ आली, म्हणजे सल्ला देण्यास सारे आप्त जमतात. मामा एका बाजूनें बोलतात, आत्याबाई दुसऱ्या. परंतु भांडण मिटेपर्यंत दोघांच्याही मुलांना वेळेवर जेवूं घालणारी, एकाचा निरोप दुसऱ्याकडे कमीजास्त न करतां पोंचविणारी आणि दोघांचेही टोमणे निमूटपणें सोसणारी काकू एखादीच असते. राष्ट्रांच्या संसारांतही असेंच घडतें. ओझें सर्वांनीं मिळून उचलावें असें ठरतें खरें. पण तें वाटलें कसें गेलें हें पाहिल्यावांचून कोणीं काय उचललें तें कळत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपान शरण आला, तेव्हांची गोष्ट पाहा. १९४६ च्या आरंभीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान या चार देशांचें संयुक्त सैन्य जपानच्या पश्चिम भागांत उतरलें. त्यांत हिंदी पलटणींची एक ब्रिगेड होती, आणि तिच्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. ब्रिगेडचे अधिपति होते ब्रिगेडियर थिमय्या. अवघ्या एका वर्षापूर्वीं आराकानांत ज्यांच्याशीं ते झुंजले, त्यांच्याच देशांत आतां त्यांना शांतता राखावयाची होती. जपानी लष्कराचे उरलेले शस्त्रसाठे नष्ट करणें आणि नेमून दिलेल्या मुलखावर देखरेख ठेवणें, हें त्या संयुक्त सैन्याचें काम. राज्यकारभाराचीं सूत्रें मात्र अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांच्याच हातीं होतीं. म्हणजे ओझ्यांत वाटा होता, निर्णयांत नव्हता. हिंदी सैन्य १९४७ मध्यें मायदेशीं परतलें. शिवाय तें जेत्यांचें सैन्य होतें. जिंकलेल्याच्या अंगणांत उभा राहणारा हुकूम देऊं शकतो. त्याला विश्वास मिळवावाच लागतो असें नाहीं. सहा वर्षांनंतर कोरियांत स्वतंत्र भारतापुढें जें काम आलें, तें याहून फार अवघड होतें.

कोरियांत १९५० च्या जूनमध्यें पेटलेलें युद्ध १९५३ च्या जुलैच्या २७ तारखेस थांबलें. तह असा झालाच नाहीं. झाली ती केवळ युद्धतहकुबी. तीही दीर्घकाळ अडली होती युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यानें धरलेल्या कैद्यांपैकीं हजारों चिनी व उत्तर कोरियन लोक स्वदेशीं परत जाण्यास नकार देत होते. कोणासही बळानें धाडूं नये, असें एक पक्ष म्हणे. तो नकार छावण्यांतील धाकदपटशामुळें आहे, असें दुसरा पक्ष म्हणे. ही कोंडी फोडण्यासाठीं भारतानें १९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत एक योजना मांडली होती. तिच्या धर्तीवर पुढें पांच तटस्थ राष्ट्रांचें मंडळ नेमण्यांत आलें: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. मंडळाचे अध्यक्ष झाले तेच थिमय्या, आतां जनरल.

येथें ओझ्याची वांटणी कशी झाली तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. स्वीडन व स्वित्झर्लंड हे एका पक्षाच्या पसंतीचे, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या पक्षाच्या. मत देण्याचा अधिकार पांचांनाही सारखा. परंतु कैद्यांवर पहारा ठेवण्यास सैन्य धाडावयाचें तें एकट्या भारतानें, असें करारांतच लिहिलें होतें. कारण उघड होतें. इतर कोणाचाही शिपाई दारांत उभा राहिला असता, तर दोहोंपैकीं एका पक्षानें त्यास शत्रूचा माणूस मानलें असतें.

त्याप्रमाणें सुमारें सहा हजार भारतीय जवान कोरियास गेले. त्यांचे सेनापति होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडील वडगांवचे. आराकानांत थिमय्यांच्या जोडीनें तेही लढले होते. स्वागताची सुरुवातच कशी झाली पाहा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनीं भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाय ठेवूं देण्याचें साफ नाकारलें. तेव्हां जवानांना जहाजांवरून उचलून हेलिकॉप्टरांनीं थेट दोन्ही सैन्यांमधील निःशस्त्र पट्ट्यांत नेऊन उतरवावें लागलें. तेथें त्यांनीं जी वसाहत उभारली तिचें नांव ‘हिंदनगर’. एका बाजूचे २२ हजारांहून अधिक आणि दुसऱ्या बाजूचे साडेतीनशेंहून अधिक कैदी त्यांच्या हवालीं झाले. प्रत्येक कैद्यास त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनीं नव्वद दिवसांच्या मुदतींत समजावून सांगावें, मग त्यानें स्वेच्छेनें निर्णय घ्यावा, असें ठरलें होतें.

पहिल्याच महिन्यांत कसोटी लागली. सप्टेंबरच्या अखेरीस एका कुंपणांतील कैद्यांनीं मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आंत ओढून ओलीस धरलें. बाहेर बंदुका सज्ज होत्या. हुकूम सुटला असता तर शेंकडों कैदी प्राणांस मुकले असते, आणि अधिकारीही वांचला नसता. जनरल थोरात स्वतः निःशस्त्र स्थितींत त्या खवळलेल्या जमावांत गेले, त्यांच्याशीं बोलले, आणि गोळी न झाडतां आपल्या अधिकाऱ्यास सोडवून घेऊन आले. प्रत्येक वेळीं मात्र इतकें सुदैव लाभलें नाहीं. ऑक्टोबरच्या आरंभीं दंगल आवरतांना भारतीय पहाऱ्यास गोळी झाडावी लागली आणि कांहीं कैदी मृत्यु पावले. निःपक्षपणाचा मार्ग रक्तावांचून पार पडतो, अशी भाबडी समजूत कोणीं करून घेऊं नये.

पुढें समजावणीचें कामही रखडलें. कैद्यांच्या टोळ्या अडून बसत, दोन्ही पक्ष एकमेकांवर दोष ढकलीत, आणि नव्वदांपैकीं फारच थोडे दिवस प्रत्यक्ष कामीं आले. २२ हजारांपैकीं सहाशेंच्या वर कैद्यांनीं स्वदेशाची वाट धरली. मुदत संपत आली तेव्हां खरा पेंच उभा राहिला. उरलेल्यांचें काय करावें? त्यांना सोडून देण्याचा अधिकार मंडळास नव्हता; अडकवून ठेवण्याचाही नव्हता; आणि यावर निर्णय देणारी राजकीय परिषद भरलीच नव्हती. अखेर १९५४ च्या जानेवारींत भारतानें त्या कैद्यांना ज्यांच्याकडून घेतलें त्यांच्याच स्वाधीन केलें. पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांनीं निषेध केला. कैद्यांना तत्काळ मुक्त करणें करारास धरून होणार नाहीं, असें भारतानें बजावल्यामुळें दुसरा पक्षही प्रसन्न झाला नाहीं. दोन्हीकडे न जातां तिसऱ्या देशाची इच्छा धरणारे ८८ जण भारतीय सैन्याबरोबर भारतांत आले. त्यांच्यापैकीं पुष्कळांना पुढें ब्राझील व अर्जेंटिना येथें आसरा मिळाला.

आमच्या मतें या हकीकतीचें मर्म त्या जानेवारींतील निर्णयांत आहे. भारताच्या हातीं सहा हजार बंदुका होत्या, आणि २२ हजार माणसांचें भवितव्य होतें. आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडून एखाद्या पक्षाची मर्जी संपादन करणें कठीण नव्हतें. परंतु सोंपविलेली ठेव मुदत संपतांच जशीच्या तशी परत करावी आणि आपण निघून जावें, हाच विश्वस्ताचा धर्म. फेब्रुवारीपर्यंत जवान परत निघालेही. युद्धानंतर परमुलखांत गेलेलीं सैन्यें तेथेंच रेंगाळल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं नाहींत. म्हणून हें जाणें आम्हांस येण्याइतकेंच मोलाचें वाटतें.

त्यानंतर गाझा, कांगो, लेबनॉन अशा कितीतरी ठिकाणीं भारतानें दोन लाखांहून अधिक माणसें शांततेच्या कामीं धाडलीं, आणि त्यांपैकीं दीडशेंहून अधिक परत आलीं नाहींत. त्यांच्या घरांनीं हा वाटा उचलला. नकाशावर तो दिसत नाहीं. एवढी किंमत आपण कां द्यावी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं. त्यास आमचें उत्तर असें: ज्याला भांडणांत कांहीं मिळवावयाचें नसतें, त्याच्यावरच दोघे विश्वास टाकूं शकतात; आणि असा विश्वास एकदां टाकला गेला, म्हणजे त्याचें ओझें दुसऱ्या कोणाला देतां येत नाहीं. मात्र तें खांद्यावर घेण्यापूर्वीं काम कोणतें, मुदत किती आणि अधिकार कोठवर, हें स्पष्ट लिहून घ्यावें. कोरियांत निर्णय देणारी परिषदच भरली नाहीं, म्हणून पहारेकऱ्याला न्यायाधीशाच्या जागीं ढकलण्याचा प्रयत्न झाला. ओझें वाटून घेणाऱ्या राष्ट्रांनीं पुढच्या वेळीं निदान एवढें तरी टाळावें.