गुडमारचा पाला आणि मधुमेह

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे अनेक मधुमेही एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टरसाहेब, गुडमारचा पाला घेतला तर गोळ्या बंद करता येतील का?" या प्रश्नाचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

गुडमार, म्हणजेच बेडकीचा पाला, ही सह्याद्रीच्या रानात आढळणारी वेल आहे. संस्कृतात तिला मेषशृंगी व मधुनाशिनी अशी नावे आहेत. पान चावून साखर खाल्ली तर काही काळ गोडी लागत नाही; साखर वाळूसारखी भासते. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चवीच्या ग्राहकांना चिकटतात, म्हणून असे घडते. हीच द्रव्ये आतड्यातून होणारे साखरेचे शोषणही मंदावतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. उंदरांना अर्क दिल्यावर विष्ठेवाटे अधिक चरबी बाहेर पडली आणि रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड्स घटली. माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा अद्याप तोकडा आहे.

मद्रास येथील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने देण्यात आला. रक्तशर्करा उतरली आणि ५ जणांना गोळ्या थांबवता आल्या. हा निष्कर्ष आशादायक खरा. परंतु रुग्णसंख्या अल्प होती आणि बहुतेकांच्या गोळ्या सुटल्या नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

यातील धोका दुहेरी आहे. गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना पाला घेतल्यास साखर एकाएकी फार खाली जाऊन घाम, थरथर व बेशुद्धी येऊ शकते. उलट, पाल्याच्या भरवशावर पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद केल्यास रक्तातील आम्लता वाढून जीवच धोक्यात येतो. शिवाय घरगुती चूर्णात द्रव्याचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते.

म्हणून आमची रुग्णबंधुभगिनींना नम्र विनंती आहे की, पाला घेत असाल तर तो लपवू नये. तपासणीच्या वेळी निःसंकोच सांगावे. आम्ही त्याबद्दल रागावणार नाही. उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, तसेच तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी पाहूनच मात्रा ठरवता येते. पाला हा उपचाराचा सोबती होऊ शकेल. उपचाराची जागा त्याने घेऊ नये.