आपसूक उगवणारी फुलझाडं

विहीर लांब असली की फुलझाडांची हौस मनातच राहते. आणलेलं पाणी माणसांना आणि गुरांना पुरत नाही, तर गुलाबाला कोण घालणार? पण काही झाडं अशी आहेत, की एकदा लावली म्हणजे दर पावसाळ्यात आपली आपण उगवतात. अंगणात तीच लावावी असं आम्ही सांगतो. बी विकत घेऊ नका, शेजारणीकडे मागा.

गुलबक्षी आमची आवडती. तिचं बी काळं, मिऱ्यासारखं. पहिला पाऊस झाला की बोटाच्या पेराएवढं खोल खोचावं. फुलं संध्याकाळी उमलतात, गुरं घरी यायच्या वेळी. उन्हाळ्यात झाड वाळून जातं. तेव्हा उपटू नका. जमिनीत कंदासारखं जाड मूळ असतं, त्याला पावसात पुन्हा कोंब येतात. पोरं मात्र बी तोंडात घालतात. ते विषारी आहे, लक्ष ठेवा.

तेरडा आपल्याच देशाचा. पिकलेलं बोंड नुसतं बोट लागलं की तडकतं आणि बी चहूकडे उडतं. पुढच्या भाद्रपदात गौरीला तेरडा दारातच मिळतो.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. मुरमाड जागेत, रणरणत्या उन्हातही फुलते. पाला कडू, म्हणून शेळी सहसा तोंड लावत नाही. ह्या झाडापासून कारखान्यात रक्ताच्या कर्करोगावरची औषधं काढतात. म्हणून कोणी घरीच पाला चावून खाल, तर तसं करू नका. तो विषारी आहे.

आता एका झाडाला दारात घेऊ नका. ते म्हणजे घाणेरी, कुणी तिला टणटणी म्हणतात. तीही आपसूकच वाढते! इंग्रजांच्या काळात ती शोभेसाठी अमेरिकेतून आली. पाखरांनी फळं खाल्ली, बी रानोमाळ टाकलं, आणि कितीतरी गायरानं तिनं गिळली. चारा संपला की भुकेली गुरं तिचा पाला खातात. मग त्यांचं काळीज बिघडतं, डोळे पिवळे पडतात, उन्हात कातडी सोलते. असं जनावर सावलीत बांधा आणि लगेच गुरांच्या डॉक्टरला दाखवा. कुंपणात घाणेरी असेल, तर जमीन ओली असताना, फळं धरायच्या आधी, मुळासकट खणून काढा. नुसती तोडली तर ती पुन्हा फुटते.