किल्ली कोणाच्या हाती?

परवा पालकसभेत एका आईने भीतभीत विचारले, "बाई, शाळेत कॉम्प्युटर आहेत, मग आमच्या मुलीला माउस धरायला का मिळत नाही?" सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. माझ्या शाळेत वीस वर्षांपूर्वी हेच तर होते! चपला बाहेर काढायच्या, रांगेने आत जायचे, एका यंत्रापुढे चौघांनी दाटीवाटीने बसायचे. माउस एखाद्या मुलाच्या हातात, आणि आम्ही मुली मागे उभ्या राहून वहीत 'संगणकाचे भाग' उतरवून घ्यायचो.

मैत्रिणींनो, शाळेत संगणक येणे म्हणजे नुसती एक नवी वस्तू येणे नव्हे. घरात गॅस आला तरी शेगडीपाशी कोणी उभे राहायचे हे आधीच ठरलेले असते ना? तसेच इथेही होते. यंत्र नवे, पण रीत जुनीच.

आपल्या देशात सरकारने शाळांत संगणक नेले ते १९८४-८५ पासून, 'क्लास' नावाच्या योजनेतून. यंत्रे ब्रिटनची, 'बीबीसी मायक्रो'. त्यांना द्यायच्या आज्ञा इंग्रजीत. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाने आधी इंग्रजीशी झगडायचे आणि मग यंत्राशी! कोणते यंत्र घ्यायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे, हे वरवर साधे वाटणारे निर्णय शेवटी कोण पुढे जाणार आणि कोण मागे राहणार तेच ठरवतात.

केरळमध्ये २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. तिथे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला मुलांना का बांधून टाकायचे, हा प्रश्न निघाला आणि शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते, त्यात हवा तो बदलही करता येतो. याला राजकारण म्हणायचे तर म्हणा, पण असले राजकारण मुलांच्या भल्याचेच!

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलमध्ये शिरला. घरात फोन एक, मुले दोन. मग तो कोणाला मिळाला, हे मी सांगायला नकोच. २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांचा स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण जेमतेम २० टक्के! वापरता येते, पण हक्काचा नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गप्प बसू नका. संगणकाची खोली आठवड्यातून किती तास उघडते? एका यंत्रापुढे किती मुले बसतात? मुलींची पाळी खरोखर येते का? यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण करतो? मराठीतून काय शिकवतात? एवढे जरूर विचारा. आणि घरी आल्यावर आपल्याही घरातला फोन संध्याकाळी कोणाच्या हातात असतो, तेही बघा. लेकीची पाळी आधी घरात ठरू द्या, म्हणजे शाळेत ती मागायला तुमचा आवाज कापणार नाही.

त्या आईला मी काय उत्तर दिले? दुसऱ्याच दिवशी वर्गात पाळ्यांचा तक्ता लावला. पहिले नाव तिच्या मुलीचे आहे.