शेगडी धगधगतेय, मग घरातलं माणूस का कुडकुडतंय?

व्हर्माँट, मेन, न्यू हॅम्पशायर ही अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली राज्यं. जानेवारीत तिथे रात्रीचा पारा उणे वीस अंश सेल्सियसपर्यंत सहज उतरतो. व्हर्माँटची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. त्यामुळे लाकडावर घर तापवणं हा तिथे हौसेचा नव्हे, रोजच्या संसाराचा भाग आहे. आणि अशा घरांत दर हिवाळ्यात ठरलेला एक वाद होतो. बैठकीच्या खोलीत लोखंडी शेगडी लालबुंद झालेली असते, तिच्यासमोर बसलेल्या नवऱ्याला बनियनवरही घाम फुटलेला असतो आणि आतल्या खोलीत बायको दोन स्वेटर चढवून हात चोळत असते. ‘एवढं लाकूड जाळतोय, अजून काय करू?’ असं तो विचारतो. ‘शेगडीला नको, मला ऊब हवी आहे,’ असं ती म्हणते.

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. काही घरांत भूमिका उलट असतात, नवरा गारठलेला आणि शेगडीचा कारभार बायकोकडे. वादाच्या मुळाशी असलेले गैरसमज मात्र तेच.

आपल्याकडे सरपण म्हणजे चूल किंवा अंघोळीचा बंब. लाकडाने अख्खं घर तापवण्याची वेळ महाराष्ट्रात येत नाही. पण अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं आणि डिसेंबर-जानेवारीत हिमाचल, काश्मीरला जाणारे पर्यटक यांना ही वेळ येते, आणि नेमके हेच गैरसमज त्यांच्याही वाट्याला येतात.

‘थंडी वाजतेय? मग अजून दोन लाकडं टाका’

सगळ्यात जास्त लाकूड या समजापायी वाया जातं. डेन्मार्कचे अभियंते पोव्हल ओले फँगर यांनी १९७० साली माणसाला ऊब कशी वाटते याचं गणित मांडलं. त्यात सहा घटक होते: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर स्वतः निर्माण करत असलेली उष्णता. इमारतींच्या तापमानाचे आंतरराष्ट्रीय निकष आजही याच मांडणीवर उभे आहेत. लाकडं वाढवली की या सहापैकी पहिले दोनच घटक हलतात, तेही मुख्यतः शेगडीच्या खोलीत.

दुसरा घटक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. खोलीतली हवा एकवीस अंशांवर असली, तरी पाठीमागे बर्फासारखी गार काच असेल तर शरीराची उष्णता त्या काचेकडे निघून जाते आणि अंगावर शिरशिरी येते. खिडकीशेजारची खुर्ची आतल्या भिंतीकडे सरकवणं आणि सूर्य मावळताच जाड पडदे ओढून घेणं, एवढ्यानेही फरक पडतो आणि त्यासाठी एकही लाकूड जाळावं लागत नाही.

राहिला प्रश्न आतल्या खोल्यांचा. शेगडीजवळ पंखा ठेवून गरम हवा आत ढकलायची, हे सगळ्यांनाच आधी सुचतं. पण उलटा उपाय जास्त चांगला चालतो. थंड हवा जड असते आणि ती जमिनीलगत साचते. छोटा पंखा आतल्या गार बोळात जमिनीवर ठेवायचा आणि त्याचं तोंड शेगडीच्या खोलीकडे करायचं. तो तळची गार हवा शेगडीकडे लोटतो आणि तिची जागा घ्यायला गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप आत येते. खात्री करायची असेल तर पातळ कागदाची एक पट्टी दाराच्या चौकटीला वर चिकटवावी आणि दुसरी पायाशी धरावी. वरची पट्टी आतल्या खोलीकडे झुकते, खालची शेगडीकडे. पंखा मंद ठेवायचा. जोरात लावला तर दोन्ही थर मिसळतात आणि अंगावर वारा येऊन उलट जास्त गार वाटतं.

‘तिला उगाचच थंडी वाजते’

हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे आणखी सरपण आणण्याआधी ते वाक्य बंद व्हायला हवं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत स्त्रियांच्या शरीराचं आतलं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त, पण हातांचं तापमान सुमारे दीड अंश सेल्सियसने कमी आढळलं. म्हणजे तिचे हात खरोखरच गार असतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कार्यालयांचं तापमान ठरवताना शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरला जातो तो चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत फुगलेला असू शकतो. स्नायू कमी असले की बसल्या जागी निर्माण होणारी उष्णताही कमी असते. वय वाढतं तसं हे पुरुषांनाही लागू होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावं अशी शिफारस केली. वृद्ध, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी त्याहून जास्त.

थंडीमागे आजारही असू शकतो. रक्तात लोह कमी असणं, थायरॉइड मंदावणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा विकार ही त्याची सर्वपरिचित कारणं आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. तेव्हा पूर्वी न वाजणारी थंडी अचानक वाजायला लागली, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

‘ओक म्हणजे उत्तम, पाइन म्हणजे धोका’

पाइनच्या डिंकाने धुराड्यात काजळी साचते, म्हणून ते घरात जाळूच नये, असं उत्तर अमेरिकेत अनेक जण ठामपणे सांगतात. खरं तर किलोला किलो तोलून पाहिलं, तर सुक्या पाइनमध्ये आणि सुक्या ओकमध्ये उष्णता जवळजवळ सारखीच असते. ओक घट्ट असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावतं आणि जास्त वेळ जळतं, एवढाच फरक. धुराड्यातल्या डांबरासारख्या काजळीचं कारण झाडाची जात नसून ओल आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. असं दहा किलो लाकूड शेगडीत टाकलं तर त्यात पाच किलो पाणीच असतं. त्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते, पण त्याहून मोठं नुकसान पुढे असतं. आग थंड पडते. लाकडातून निघणारा धूर म्हणजे खरं तर न जळालेलं इंधन. तो पेटण्यासाठी सुमारे सहाशे अंशांची धग लागते. ती नसली की धूर तसाच वर जातो आणि धुराड्याच्या गार भिंतींवर थिजतो. ओल्या लाकडाने बंब पेटवताना डोळे चोळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

ओल वीस टक्क्यांच्या खाली आली की लाकूड जाळण्याजोगं होतं. ती मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं; मात्र त्याच्या टाचण्या लाकडाच्या बाहेरच्या पृष्ठभागात न खुपसता, ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूत खुपसायच्या. ओकला सुकायला बहुधा दोन उन्हाळे लागतात, पाइनला एक पुरतो.

नॉर्वेत लार्स मिटिंग यांचं सरपणावरचं पुस्तक २०११ साली आलं आणि तुफान खपलं. त्यातून स्फूर्ती घेऊन तिथल्या सरकारी वाहिनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये लाकूड आणि आग याच विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. ओंडके रचताना साल वर हवी की खाली, यावरून प्रेक्षकांत जुंपली. वाद रंगला खरा, पण ऊब ठरते ती लाकूड वेळेवर फोडण्याने, जमिनीपासून उचलून वाऱ्याला मोकळं रचण्याने आणि वरून झाकण्याने.

‘रात्री हवा बंद केली की सकाळपर्यंत पुरतं’

पहाटे चारला घर गार पडतं आणि जोडीदाराची झोप मोडते, ही तक्रार खरी आहे. पण त्यासाठी हवेची झडप पूर्ण बंद करून लाकूड रात्रभर धुमसत ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. अशी आग ऊब थोडी देते आणि काजळी भरपूर. ती काजळी एखाद्या रात्री पेटली तर धुराड्यात हजार अंशांहून जास्त तापमान होतं आणि घराला आग लागते.

झोपण्यापूर्वी निखारे पुढे ओढून मागे जाड ओंडके भरावेत, झडप उघडी ठेवून ते पंधरा-वीस मिनिटं नीट पेटू द्यावेत आणि मग हवा हळूहळू कमी करावी. ज्योत दिसेनाशी होईल इतकी मात्र नाही. फिनलंड, रशिया, ऑस्ट्रिया इथल्या लोकांनी या अडचणीवर शतकांपूर्वीच उत्तर शोधलं: काही टन वजनाची विटा-दगडांची भट्टी. दिवसातून एकदा किंवा दोनदा तिच्यात जोरदार आग करायची, ती विझली तरी दगड पुढे बारा तास किंवा जास्त वेळ ऊब सोडत राहतात. ज्यांच्याकडे साधी शेगडी आहे, त्यांनी पहाटेपुरता विजेचा हीटर ठेवावा किंवा शंभरेक वॉटची विजेची गादी जोडीदाराच्या बाजूला अंथरावी. त्यात लाकडाच्या शेगडीचा कुठलाही पराभव नाही.

‘शेगडी हवेतली ओल जाळून टाकते’

घसा कोरडा पडणं, ओठ फुटणं, नाकातून रक्त येणं यांचा दोष शेगडीला दिला जातो. वस्तुस्थिती अशी की उणे दहा अंशांची हवा पूर्ण भरली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम वाफ धरते. तीच हवा घरात येऊन एकवीस अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता अकरा-बारा टक्क्यांवर येते. घर विजेने तापवा किंवा गॅसने, फरक पडत नाही. शेगडीवरच्या किटलीचा उपयोग थोडा होतो. फटी बुजवण्याचा जास्त. बाहेरची कोरडी हवा आत शिरणं कमी झालं की स्वयंपाक, अंघोळ आणि श्वास यांची वाफ घरातच टिकते. आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत असावी. त्यापुढे गेली की काचांवर पाणी साचतं आणि कोपऱ्यांत बुरशी धरते.

फटी बुजवल्या की शेगडीला हवा कुठून मिळेल, हे मात्र पाहायलाच हवं. घट्ट बंद घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात चालू असेल, तर धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात. म्हणून झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूचा गजर असायलाच हवा आणि तो वाजला की कारण न शोधता सगळ्यांनी आधी बाहेर पडायला हवं. हिमाचल-काश्मीरमध्ये धुराड्याची शेगडी, म्हणजे तिथली बुखारी किंवा तंदूर, असलेली खोली मिळाली तर उत्तम. पण कोळशाची उघडी शेगडी खोलीत घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपणं जिवावर बेततं. उत्तर भारतातून अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येतच असतात. राखेचंही तसंच. विझलेल्या दिसणाऱ्या राखेत निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून लांब ठेवावी.

एक गैरसमज कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात बरेच जण: शेगडी हे घरातल्या एकाच माणसाचं काम. तो माणूस बर्फात कामावर अडकला की घरात थांबलेला जोडीदार विझत चाललेल्या आगीसमोर असहाय होतो. आग पेटवणं, झडप ओळखणं, धुराच्या रंगावरून ओल ताडणं हे दोघांनाही यायला हवं, आणि कुठल्या खोलीत किती ऊब हवी हे ज्याला थंडी वाजते त्याने ठरवायला हवं. या हिवाळ्यात जोडीदार गारठला असेल, तर थर्मामीटर शेगडीशेजारून काढा आणि तो जिथे बसतो, जिथे झोपतो तिथे लावा. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड येत्या वसंतातच फोडून रचा. ओक असेल तर त्याच्या पुढच्या हिवाळ्याचंही.